हिशेबाची वही ढगात!

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत छोट्या कारखानदारांच्या गाळ्यांच्या रांगाच रांगा दिसतात. जुलै २०१८ मध्ये मुसळधार पावसाने वसई-विरार जलमय झाले; नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढून लोकलगाड्या बंद पडल्या. अशा वेळी तळमजल्याच्या गाळ्यातील संगणकात पाणी शिरले, तर यंत्र नवे आणता येईल. पण त्यातली उधारीची नोंद कोठून आणणार?

यावर एक उपाय म्हणजे ‘क्लाउड कंप्यूटिंग’. नाव ढगाचे असले तरी सारे काही जमिनीवरच असते! दूरच्या मोठ्या इमारतीत हजारो संगणक अखंड चालू असतात. त्यांवरील जागा व गणनशक्ती आपण इंटरनेटवरून भाड्याने घ्यावयाची. अॅमेझॉन कंपनीने अशी केंद्रे २०१६ साली मुंबई परिसरातही सुरू केली. नोंदींच्या प्रती सहसा एकाहून अधिक यंत्रांवर असतात, म्हणून एक बिघडले तरी वही बुडत नाही.

मग सगळेच ही सोय का घेत नाहीत? आधी पैशाचे पाहू. समजा, स्वतःची यंत्रसामग्री ६०,००० रुपयांची असून ५ वर्षे टिकते. म्हणजे महिना १,००० रुपये पडले. भाडे दरमहा माणशी ३०० रुपये धरले, तर तीन माणसांचे ९०० होतात, पण पाच माणसांचे १,५००! (दुरुस्तीचा खर्च मिळवून हे गणित पुन्हा करून पहा.)

दुसरी गोष्ट इंटरनेटच्या वेगाची. वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ८ बिटांचा १ बाइट या हिशेबाने सेकंदास १.२५ मेगाबाइट जातात. साच्यांचे १,००० मेगाबाइटचे आराखडे धाडावयास ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक लागतील. साधे बिल मात्र क्षणात जाते. वीज गेली की गाळ्यातील इंटरनेटही जाते. मग मोबाइलवर निभवावे लागते, तेही टॉवर चालू असेपर्यंत.

सर्वांत मोठी अडचण मला विश्वासाची वाटते. ‘माझी गिऱ्हाइके, माझे भाव दुसऱ्याच्या यंत्रात कशाला?’ ही शंका खुळी नाही. पासवर्ड फुटला तर वही परक्याच्या हाती जाते. उद्या कंपनीने भाडे वाढविले, तर आपल्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे आधीच विचारून घ्यावे लागते.

कायद्याचाही थोडा रेटा आहेच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक असलेल्या व्यावसायिकांना इतर व्यावसायिकांची बिले सरकारी संगणकप्रणालीत नोंदवावी लागू लागली. त्यामुळे इंटरनेट गाळ्यात आले. वही बाहेर ठेवावयाची की नाही, हे मात्र अजून मालकच ठरवतो.

तुमच्या ओळखीच्या दुकानात विचारून पहा: हिशेबाची दुसरी प्रत कोठे असते?