निळा धूर आणि बोअरची घाई

प्रश्न : माझी 2004 ची हिरो होंडा स्प्लेंडर 1 लाख 40 हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी निळसर धूर येतो. मेकॅनिक म्हणतो, बोअर-पिस्टन बदला. बदलू का?

उत्तर : थांबा जरा. धूर फक्त पहिल्या किकला येऊन मिनिटभरात थांबत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह सीलचा. रात्रभर ऑइल झिरपतं आणि सकाळी तेवढंच जळतं. सील स्वस्त, खर्च हेड उतरवण्याच्या मजुरीचा. चढावर ॲक्सिलरेटर पिळल्यावरही धूर सुटत असेल, तर मात्र रिंगा झिजल्यात आणि मेकॅनिकचं खरं.

तोवर ऑइल सांभाळा. या 97.2 सीसी इंजिनात ते जेमतेम लिटरभर. दोनशे मिली जळलं तरी पाचवा हिस्सा गेला. दर रविवारी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, डिपस्टिक पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघा. ऑइल बदलताना अधूनमधून जाळी आणि क्लचच्या बाजूचा सेंट्रिफ्यूगल फिल्टरही धुवून घ्या. तो बहुतेक जण उघडतच नाहीत. आत काळा चिखल साचलेला असतो.

आणि टॅपेट अजिबात वाजत नाही म्हणून खूश होऊ नका. फार घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. किंचित टिकटिक परवडली.