पसंतीक्रम कोणाचा? तुमचा की कट-ऑफचा?

जून-जुलै आला की आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. कधी धाकटा भाऊ, कधी मावसबहीण, कधी शेजारच्या काकूंचा मुलगा. प्रश्न ठरलेला, "ताई, कॅपचा ऑप्शन फॉर्म कसा भरू?" मित्रमैत्रिणींनो, आपण बहुतेक जण याच फॉर्ममधून इथे आलो. पण तो चालतो कसा, हे मला तरी इथे आल्यावरच कळलं. म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका पोटात घाला.)

आधी माझी गोष्ट. मला एका सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल हवं होतं. तिथला आदल्या वर्षीचा कट-ऑफ माझ्या पर्सेंटाइलच्या थोडा वर होता. ज्यांच्याकडे फॉर्म भरायला गेलो ते म्हणाले, "न मिळणारं वर कशाला लिहिता? पहिला नंबर वाया जाईल." बाबांनी मान हलवली, मीही हलवली. ते कॉलेज चौथ्या नंबरावर गेलं आणि 'हमखास मिळेल' ते पहिल्यावर. तेच मिळालं. नंतर यादी पाहिली तर सरकारी कॉलेजचा कट-ऑफ त्या वर्षी माझ्याही खाली उतरला होता. सीट मला मिळाली असती, मी ती मागितलीच नाही! इथे मी सुखात आहे, सरांनी रागावू नये. पण बाबा दरवर्षी फी भरतात तेव्हा आठवण येतेच.

आता यामागचं गणित बघू. समजा तीन कॉलेजं आहेत, मोठं, मधलं आणि जवळचं. प्रत्येकात एकच जागा. मेरिटमध्ये अ पहिला, ब दुसरा, क तिसरा. कॉम्प्युटर आधी अ चा फॉर्म उघडतो. अ ला घर सोडायचं नाही, त्याला 'जवळचं' मिळतं. मग ब. त्याला मनातून 'मोठं' हवंय, पण "ते अ घेईल" असं समजून त्याने 'मधलं' वर लिहिलं. कॉम्प्युटर मनातलं वाचत नाही, त्याने 'मधलं' दिलं. शेवटी क ने बिनधास्त 'मोठं' लिहिलेलं, त्याला ते मिळालं!

ब ने 'मोठं' वर लिहिलं असतं आणि ते भरलेलं निघालं असतं, तर? कॉम्प्युटरने त्याच पाळीत त्याचा दुसरा पर्याय तपासला असता, क चा फॉर्म उघडण्याआधी. म्हणजे नंबर वाया जात नाही. एकेका फेरीत नंबर मेरिटचा लागतो, पर्यायाचा नाही.

मग कट-ऑफ म्हणजे काय? त्या जागेवर शेवटी आलेल्या मुलाचा पर्सेंटाइल. तो कॉलेज ठरवत नाही, मुलांच्या पसंतीतून बनतो. त्यात जागाही बदलतात. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. मागचा कट-ऑफ अंदाजाला ठीक, पण त्यावरून क्रम लावू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला की तो आपोआप फ्रीज होतो, पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे 'मावशी म्हणाली' म्हणून वर काही लिहू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

खरी पसंती ठरवायची कशी? मला उपयोगी वाटलेल्या चार गोष्टी सांगते.

१. शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस वाचा. पहिलं वर्ष सगळ्यांचं साधारण सारखंच असतं, त्यावरून शाखा कळत नाही.

२. नॅकची ग्रेड अख्ख्या कॉलेजची असते, एनबीए मात्र शाखेनुसार मिळतं. आपल्या शाखेला आहे का, ते बघा.

३. कॉलेज ऑटोनॉमस आहे का? असेल तर सिलॅबस आणि परीक्षा त्यांची, डिग्री युनिव्हर्सिटीची.

४. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागा विसरू नका. त्यात ट्यूशन फी माफ होते, बाकीची फी भरावी लागते. या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो. तो स्वतंत्र लिहिला नाही तर मिळत नाही!

यंदा माझ्या धाकट्या भावाचा फॉर्म आहे. त्याला मी कट-ऑफची यादी आधी बाजूला ठेवायला सांगितली आणि कोऱ्या कागदावर हवं ते क्रमाने लिहायला लावलं. पहिल्या ओळीवर तो पंधरा मिनिटं अडला. अडू दे. ते चार वर्षांपेक्षा परवडलं.