खूण पाहावी, आकडे वाचावे

वडखळचा नाका आपल्या सर्वांच्या ओळखीचा. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला इथे अलिबागचा फाटा फुटतो. बाजारहाटाला आपण नाक्यावर जातो. मडके घेताना ते वाजवून पाहतो. मासळी घेताना कल्ला उघडून पाहतो. पण मोबाइलचा चार्जर घेताना? किंमत विचारतो, आणि पिशवीत टाकतो!

चार्जर वाजवून कळत नाही. तो वाचावा लागतो. आता आपल्याला वाचता येते. तर मग वाचू या.

आधी चार्जरचे काम समजून घेऊ. घरातली वीज सुमारे २३० व्होल्टची असते. साधा चार्जर तिची ५ व्होल्ट करून मोबाइलला देतो. म्हणजे चार्जरच्या पोटात एका बाजूला मोठी वीज, दुसऱ्या बाजूला लहान वीज. मध्ये बांध हवा. खाडीचे खारे पाणी भातात शिरू नये म्हणून आपण बांध घालतो, तसाच. शेताचा बांध फुटला तर पीक जाते. चार्जरमधला बांध फुटला तर मोठी वीज वायरीतून हातात येते. माणूस दगावतो.

हलक्या मालात हा बांध कच्चा असतो. पावसाळ्याच्या ओलीत धोका आणखी वाढतो.

बांध पक्का आहे, हे कसे ओळखावे? त्यासाठीच खूण आहे. १९४७ साली दिल्लीत भारतीय मानक संस्था निघाली. तिलाच आय.एस.आय. म्हणत. १९५५ पासून ती चोख मालाला खूण देऊ लागली. १९८७ साली तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आला. खुणेत मात्र ‘आय.एस.आय.’ हीच अक्षरे राहिली. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, विजेची वायर, यांवर ती पाहावी.

चार्जरची खूण थोडी निराळी. २०१२ साली सरकारने हुकूम काढला. ठरविलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू नोंदणीवाचून विकायच्या नाहीत. मोबाइलचा चार्जर त्या यादीत आहे. कारखानदाराने नमुना मान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. मगच त्याला नंबर मिळतो. मधे ब्यूरोची खूण, वर ‘आय.एस.’ आणि मानकाचा आकडा, खाली इंग्रजी ‘आर’ अक्षर आणि त्यापुढे नंबर.

नुसती खूण कोणीही छापील. म्हणून नंबर पडताळावा. ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ नावाचे अ‍ॅप आहे. त्यात नंबर घातला की कारखान्याचे नाव दिसते. ते वस्तूवरच्या नावाशी जुळले पाहिजे. नाही जुळले, तर तिथेच तक्रारही करता येते.

कोणी म्हणेल, “अहो, त्यावर ‘सी ई’ लिहिले आहे!” ती खूण युरोपच्या बाजारासाठी आहे. तिच्यावर भागवू नये.

कोणी म्हणेल, “बिनखुणेचा स्वस्त पडतो.” खरे आहे. पण तो चार्जर रात्री पोराच्या उशाशी असतो. हे विसरू नये.

करून पाहा

१. घरातल्या तीन विजेच्या वस्तू घ्या. खूण शोधा. आकडे वहीत उतरवा.
२. नुसती खूण पाहून का भागत नाही?
३. ज्यांना वाचता येत नाही, अशा एका शेजाऱ्याचा चार्जर वाचून द्या.