माइनक्राफ्टमधले माझे दुसरे घर

दुसरे म्हणायचे कारण पहिले उडाले.

आलेल्या पालकांसाठी आधी थोडी माहिती देतो. माइनक्राफ्ट हा मोबाईलवर किंवा संगणकावर खेळायचा खेळ आहे. स्वीडन देशातल्या मार्कस पेर्सन यांनी तो तयार केला. २०११ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्यातले सारे जग ठोकळ्यांचे असते. प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद आणि उंच. झाडे तोडायची, खाणी खणायच्या, धान्य पेरायचे आणि जगायचे. तिथे २० मिनिटांत एक दिवस आणि एक रात्र होते. रात्री राक्षस निघतात, म्हणून घर लागते.

माझे पहिले घर म्हणजे नुसता खोका होता. भिंती सरळ, छप्पर सपाट. आत मशाल लावली, दार लावले, झाले! माझी धाकटी बहीण आणि मी बाबांच्या मोबाईलवर आळीपाळीने खेळतो. तिने एक मेंढी लाल रंगवून दारापाशी कुंपणात ठेवली होती. तिला ती मिरची म्हणायची. एके सकाळी मी दार उघडून बाहेर आलो, तर वरून धपकन क्रीपर पडला. हा हिरवा राक्षस जवळ येतो, फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. झोंबी नावाचे राक्षस उन्हात जळतात, हा जळत नाही. दार गेले, भिंत गेली, मिरचीही गेली. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो आला कुठून? खूप विचार केला तेव्हा कळलं, छपरावर अंधार होता! उजेड शून्य असेल तिथे राक्षस तयार होतात. (२०२१ पर्यंत नियम आणखी कडक होता, ७ इतक्या उजेडातही ते येत.) मशालीचा उजेड १४ असतो आणि दर ठोकळ्याला तो १ ने कमी होतो. खोली ९ × ९ ची असेल आणि मशाल मधोमध असेल, तर कोपरा ४ आडवे आणि ४ उभे, म्हणजे ८ ठोकळे दूर. १४ − ८ = ६. म्हणजे आत धोका नव्हता. पण आतला उजेड छपराच्या वर कसा जाणार?

दुसऱ्या घराचा नकाशा मी गणिताच्या चौकटीच्या वहीत काढला. एक चौकट म्हणजे एक ठोकळा. (नकाशा शेजारी चिकटवला आहे. हात लावू नये, स्केचपेन पसरतो.) छप्पर उतरते केले, पायऱ्यांच्या ठोकळ्यांचे. त्यांच्यावर राक्षस तयारच होत नाहीत. आजीने पाहिले आणि म्हणाली, "अरे, वळचण कुठाय? पावसात भिंती भिजतील की!" खेळात भिंती भिजत नाहीत हे मी तिला सांगितलं. तरी तिच्यासाठी छप्पर चारी बाजूंनी एकेक ठोकळा बाहेर काढलं. घर लगेच घरासारखे दिसू लागले. त्याच रात्री एक मोठा कोळी भिंत चढून आला आणि वळचणीखाली अडकला. पुढे आलेला ठोकळा कोळ्याला ओलांडता येत नाही! मी पळत जाऊन आजीला दाखवलं. ती म्हणाली, "मग? वळचण कशाला असते?"

खाली दगडाचे दोन थर, कोपऱ्यांना लाकडी खांब. दाराशेजारी खिडकी ठेवली. वाळू भट्टीत भाजली की काच होते. आता आधी खिडकीतून पाहतो, मग दार उघडतो. मागे गव्हाचे शेत आहे, तेही ९ × ९ चे. मधल्या एका चौकटीत पाणी ठेवले की चारी बाजूंना ४ ठोकळ्यांपर्यंत ओल जाते, म्हणजे ८० चौकटी पिकतात.

बहिणीने नवी मेंढी आणली आहे. कुंपण तिनेच घातले, चार कोपऱ्यांना मशालीही तिनेच लावल्या. मला हात लावू दिला नाही. मेंढी अजून पांढरीच आहे. घर रविवारपर्यंत टिकलं तर रंग देईन, असं ती म्हणते.