बांधावरच्या लाकडासाठी बेल्ट सँडर : निवड आणि वापर

रब्बीची मळणी उरकल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचा काळ हा औजारांच्या दुरुस्तीचा काळ होय. जुवाची मान खरखरीत झालेली असते, कोळप्याचे रुमणे फाटलेले असते, फावड्या-कुदळींचे दांडे बदलायचे असतात. बलुत्यावर ही कामे करून देणारा सुतार आता अनेक गावांत उरलेला नाही. दुसरीकडे बांधावरचा साग, बाभूळ, शिवण, फणस यांचे लाकूड शेतकऱ्याकडे असते आणि अलीकडे विजेवर चालणारी छोटी सुतारी यंत्रे तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळू लागली आहेत. त्यांपैकी बेल्ट सँडर हे यंत्र अनेकांच्या नजरेत भरते. मात्र ते घेऊन फसलेलेही पुष्कळ आहेत. म्हणून त्याची निवड व वापर याबद्दल थोडे तपशिलाने लिहीत आहे.

हे यंत्र म्हणजे दोन रुळांवर ताणलेला खरकागदाचा अखंड पट्टा होय. मागचा रूळ मोटरने फिरतो, पुढचा रूळ पट्टा ताणून धरतो आणि मधली सपाट पत्र्याची तळपट्टी पट्ट्याला लाकडावर दाबते. पट्ट्याचा वेग साधारणपणे मिनिटाला २०० ते ४०० मीटर असतो. ३०० मीटर वेग धरला तरी ५३३ मिलिमीटर लांबीचा पट्टा सेकंदाला नऊपेक्षा जास्त फेरे मारतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हे यंत्र लाकूड भराभर खाते. दुसरी, ते एका जागी क्षणभर थांबले तरी तेथे खळगा पडतो आणि तो भरून काढता येत नाही.

आधी लाकूड, मग यंत्र

सागाचे, आंब्याचे, फणसाचे किंवा चिंचेचे झाड स्वतःच्या मालकीचे असले तरी ते तोडण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी घ्यावी लागते. हे काम आधी करावे, झाड पडल्यावर धावपळ करू नये.

लाकूड वाळलेले नसेल तर सँडर घेऊन काही उपयोग नाही. ओल्या लाकडाचा भुसा पट्ट्याच्या दाण्यांत लगदा होऊन बसतो आणि नवा पट्टा पाच-दहा मिनिटांत निकामी होतो. आपण धान्याचा ओलावा ओल्या वजनावर काढतो; लाकडाचा मात्र जमिनीच्या ओलाव्याप्रमाणे कोरड्या वजनावर काढतात. त्यामुळे ताज्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांहून जास्त निघाला तरी आश्चर्य वाटू नये. फर्निचरसाठी तो १२ टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. मोजण्याचे यंत्र नसेल तर सोपा उपाय असा. त्याच लाकडाचा हातभर तुकडा फळ्यांच्या थप्पीत ठेवून दर आठवड्याला दुकानातील काट्यावर त्याचे वजन करावे व तारखेसह लिहून ठेवावे. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन घटले नाही म्हणजे लाकूड हवेइतके वाळले असे समजावे. फळ्यांची थप्पी सावलीत, जमिनीपासून वर आणि प्रत्येक थरात काड्या घालून रचावी. उन्हात टाकलेली फळी वाकते व टोकांना तडकते. ती वाकलेली फळी सँडरने सरळ होत नाही.

घ्यावे की न घ्यावे

माझे मत स्पष्ट आहे. वर्षाला चार दांडे आणि एक जू एवढेच काम असेल तर बेल्ट सँडर घेऊ नये. रंधा, लाकडाची अर्धगोल कानस आणि हाताने घासायचा पॉलिश पेपर यांत ते काम नीट होते. ज्यांच्याकडे सागाच्या विरळणीतून निघालेल्या फळ्या आहेत, ज्यांना दारे, चौकटी, टेबल, बाजा किंवा मधपेट्या करावयाच्या आहेत, किंवा जो बचत गट औजारे भाड्याने देतो, त्यांनी जरूर विचार करावा. फळीवर करवतीचे खोल ओरखडे असतील तर आधी रंधाच मारावा. दोन-तीन मिलिमीटर लाकूड सँडरने काढायला बसलो तर वीज, पट्टे आणि वेळ तिन्ही वाया जातात. उलट अगदी शेवटची झिलई हेही या यंत्राचे काम नव्हे. त्यासाठी हात किंवा लहान गोल फिरकीचा सँडर बरा. प्लायवूडवर तर हे यंत्र लावूच नये, वरचा पातळ थर पाहता पाहता निघून जातो.

निवड करताना

शेतकऱ्यासाठी ७५ मिलिमीटर म्हणजे तीन इंची रुंदीचे यंत्र पुरेसे आहे. १०० मिलिमीटरचे यंत्र मोठ्या दारांना चांगले, पण वजन पाच-सहा किलोपर्यंत जाते आणि तासाभराने मनगट बोलू लागते. तीन इंचीमध्ये ७५ × ५३३ मिलिमीटरचा, दुकानदाराच्या भाषेत ३ × २१ इंची पट्टा लागणारे यंत्र घ्यावे. यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याचा पट्टा आपल्या तालुक्यात मिळतो की नाही याची खात्री करावी. एका शेतकऱ्याने स्वस्त म्हणून वेगळ्याच मापाचे यंत्र घेतले. आज ते माळ्यावर पडून आहे, कारण पट्टा शहरातूनही मिळत नाही. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, पट्ट्यांची दरवर्षी.

मोटर ८०० ते १००० वॅटची असावी. वेग कमी-जास्त करण्याची सोय असल्यास दांड्यांसारख्या नाजूक कामाला ती उपयोगी पडते. भुशाची पिशवी असलेच पाहिजे. दुकानात यंत्र सुरू करून पाहावे आणि पट्टा मधोमध ठेवण्याचे बटण फिरवून पट्टा खरोखर डावी-उजवीकडे सरकतो का हे बघावे. ते बटण सैल किंवा अडकलेले असेल तर दुसरे यंत्र मागावे. कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का, हेही विचारावे.

पट्ट्याचा नंबर

नंबर जितका मोठा तितके दाणे बारीक. रंधा मारलेल्या सागाच्या फळीला ८० नंबरपासून सुरुवात करावी, नंतर १२० वापरावा. जुना रंग किंवा खडबडीत बाभूळ असेल तर ६० घ्यावा. ४० नंबर घरात नसलेलाच बरा. नवशिक्याच्या हाती तो लाकडाचा नाशच करतो. ६० वरून एकदम १२० वर उडी मारली तर मोठ्या दाण्यांचे ओरखडे तसेच राहतात आणि तेल लावल्यावर उठून दिसतात. सागात नैसर्गिक सिलिका असल्याने पट्टा इतर लाकडांपेक्षा लवकर बोथट होतो, म्हणून सागाच्या कामाला पट्टे थोडे जास्त आणावेत.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असतो. तो यंत्रावरील बाणाच्या दिशेने ठेवूनच पट्टा बसवावा. उलटा बसविल्यास काही पट्ट्यांचा सांधा उचलला जाऊन पट्टा फाटतो. बसवल्यावर यंत्र उलटे, हातात घट्ट धरून क्षणभर सुरू करावे आणि पट्टा मधोमध धावेपर्यंत बटण फिरवावे. बाजूला सरकलेला पट्टा यंत्राचे आवरण कापीत जातो.

वीज

९०० वॅटचे यंत्र सुमारे चार अँपिअर वीज घेते, तासाला एक युनिटहून कमी. खर्च फारसा नाही, धोका मात्र आहे. विहिरीवर काम करायचे म्हणून पंपाच्या स्टार्टरमधून दोन फेज ओढून यंत्र चालविण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात आणि हे यंत्र २३० व्होल्टचे आहे. ते जळते आणि धरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. असे मुळीच करू नये. लांबची वायर लागत असेल तर ती तांब्याची, किमान १.५ चौरस मिलिमीटरची आणि पूर्ण उलगडलेली असावी. ओल्या अंगणात काम करू नये. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे गळती संरक्षक बसवून घेतल्यास पंखा-मोटरीपासून सगळ्यांचेच रक्षण होते. व्होल्टेज १८०-१९० पर्यंत पडले असेल तर काम थांबवावे. कमी दाबावर यंत्र मंद चालते, माणूस ते जास्त दाबतो आणि मोटर तापते.

भारनियमनाच्या गावात आणखी एक काळजी घ्यावी. या यंत्रांना चालू स्थितीत अडकवून ठेवण्याचे बटण असते. वीज गेली, माणूस यंत्र फळीवर ठेवून चहाला गेला आणि बटण अडकलेलेच राहिले, तर वीज येताच यंत्र आपोआप धावत सुटते. मुले जवळ असतील तर काय होईल ते सांगायला नको. वीज गेली की प्रथम पिन काढावी. पट्टा बदलतानाही पिन काढलेली असावी.

प्रत्यक्ष वापर

फळी पकडीने घट्ट बसवावी. पकड नसेल तर फळीच्या मागे, म्हणजे आपल्या बाजूला, टेबलावर लाकडाची पट्टी खिळ्यांनी ठोकावी. पट्ट्याचा खालचा भाग मागे सरकतो, त्यामुळे यंत्र पुढे ओढते आणि सैल फळी आपल्या पोटाकडे फेकली जाते.

यंत्र फळीवर ठेवून सुरू करू नये. आधी हवेत सुरू करावे, पूर्ण वेग आल्यावर मागची बाजू प्रथम टेकवून हळूच आडवे करावे आणि टेकताक्षणी हलवत राहावे. उचलताना चालू स्थितीतच उचलावे. दाबू नये, यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. दोन हात फक्त दिशा देण्यासाठी आहेत. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवत जावे, जसे आपण पाभर आधीच्या ओळीच्या अंदाजाने धरतो. फळी उंच-सखल असेल तर पहिल्या नंबरच्या पट्ट्याने रेषेला थोडे तिरके दोन्ही बाजूंनी फिरवून नंतर रेषेच्या दिशेने यावे. कडेला आल्यावर तळपट्टीचा निम्म्याहून कमी भाग बाहेर जाऊ द्यावा. जास्त गेला तर यंत्र कलते आणि कड गोल होते. दारांच्या कडा बिघडण्याचे हेच मुख्य कारण आहे.

एक युक्ती हमखास उपयोगी पडते. काम सुरू करण्यापूर्वी सगळ्या फळीवर पेन्सिलने वेड्यावाकड्या रेषा माराव्यात. रेषा जेथे शिल्लक तेथे खोलगट, जेथे पुसल्या तेथे उंच. सगळ्या रेषा एकसारख्या गेल्या की त्या नंबरचे काम संपले. पुढचा पट्टा लावण्यापूर्वी फळी झाडून घ्यावी, कारण सुटलेला जाड दाणा बारीक पट्ट्याखाली सापडला तर लांब ओरखडा काढतो.

जू आणि दांडे

बैलाच्या खांदेसुजीला जोडी असमान असणे, विश्रांतीनंतर एकदम जास्त काम, पावसात भिजलेले जू अशी अनेक कारणे असतात. पण खरखरीत, कडा असलेले जू हे आपल्या हातातले कारण आहे. जुवाच्या खालच्या बाजूला जेथे मान टेकते तो भाग तपासावा, खिळे व कुसळे काढावीत. बाहेरचा फुगीर भाग सँडरने ८० नंबरवर सतत फिरवत गुळगुळीत करावा. मान बसण्याचा खोलगट भाग मात्र सँडरच्या पुढच्या रुळाने कोरू नये, तेथे आडवे चर पडतात. तो अर्धगोल कानशीने व हाताने पेपर घासून करावा. शेवटी स्वतःचा तळहात उलट-सुलट फिरवून पाहावा; आपल्या हाताला टोचते ते बैलाच्या मानेला टोचणारच.

फावडे-कुदळीचे दांडे ८० किंवा १०० नंबरवरच सोडावेत. त्याहून गुळगुळीत दांडा घामेजल्या हातातून सटकतो. त्यावर व्हार्निश लावू नये, हाताला फोड येतात. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, जिरल्यावर दुसरा द्यावा. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून उन्हात वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

भुसा

बारीक लाकडी धूळ ही किरकोळ बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. नाकाच्या पोकळीशी तिचा संबंध आढळला आहे. साग आणि शिसवाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज व पुरळ येते. उपरण्याने नाक बांधणे पुरेसे नाही, बारीक कण त्यातून आत जातात. एन-९५ प्रकारचा मास्क आणि चष्मा वापरावा. काम उघड्या पडवीत, वाऱ्याकडे पाठ करून करावे. धोतराचा सोगा, पदर, ओढणी, सैल बाही यांबाबत मळणी यंत्रावर जे नियम पाळतो तेच येथे पाळावेत.

जुन्या लाकडात खिळे असतील तर ते आधी काढावेत. पट्टा खिळ्यावर घासून ठिणगी उडते, ती भुशाच्या पिशवीत जाते आणि पिशवी तासाभराने आतून धुमसू लागते. म्हणून काम संपले की पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करावी. कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापूस साठविलेल्या खोलीत हे यंत्र चालवू नये.

निगा

पट्टा भुशाने भरला म्हणून लगेच फेकू नये. जुन्या क्रेप रबराच्या चपलेचा तळ चालत्या पट्ट्यावर हलका टेकवला की दाण्यांतला भुसा निघून येतो आणि पट्टा पुन्हा कापू लागतो. हे करताना यंत्र पकडीने नीट बसविलेले असावे आणि रबराचा तुकडा लांब असावा, बोटे पट्ट्यापासून दूर राहतील इतका. कार्बन ब्रश झिजून पाच-सहा मिलिमीटर उरले की दोन्ही एकदम बदलावेत. तळपट्टी मध्ये खोलगट झाली असेल तर फळी कधीच सपाट होत नाही. ती अधूनमधून सरळ पट्टी लावून तपासावी.

पावसाळ्यात पट्टे दमट हवेने मऊ पडतात आणि सांध्यातून सुटतात, कोकणात तर हमखास. ते घडी घालून ठेवू नयेत. जाड गोल नळीवर अडकवून, झाकणाच्या डब्यात ठेवावेत. यंत्रावरचा ताण सैल करून पट्टा काढून ठेवावा.