उजवा, लाल, एम, दोन

राजगुरुनगर सोडून खेड घाट चढला की पुणे-नाशिक रस्त्यावर पेठ लागतं. हे सातगाव पठारातलं गाव, पावसाच्या पाण्यावर बटाटा पिकवणारं. आषाढातल्या एका झिम्माड सकाळी बांधावर उभं असताना नानांच्या उजव्या कानातला आवाज बसला. "एकदम नाही गेला," नाना सांगतात. "दोन दिवस लांब लांब जात होता. विहिरीतून कुणी बोलतंय असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ठार बंद."

नाना सत्तरीच्या पुढचे, पेशाने शेतकरी. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. छोटा भाग कानामागे बसतो, तिथून केसासारखी बारीक वायर निघते आणि तिच्या टोकाला कानात जाणारा तांदळाएवढा रिसीव्हर असतो. त्यावर रबरी टोपी, म्हणजे डोम. घरच्यांनी तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबरचा सेल बदलून पाहिला, फरक नाही. पुतण्या म्हणाला, "नाना, रिसीव्हर उडालाय. मागवून टाकू, दोन मिनिटांत बसतो." जुना रिसीव्हर हातात धरून त्याने मोबाइलवर त्याच्यासारखाच दिसणारा शोधला. चार हजारांच्या वर पैसे गेले.

पुतण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नानांच्या वडिलांकडे पेटीवालं मशीन होतं. सदऱ्याच्या खिशात पेटी, तिच्यातून कानापर्यंत वायर आणि कानात साच्यावर टिचकन बसणारं बटण. त्या बटणालाच रिसीव्हर म्हणायचे. बिघडलं की मंचरला रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जायचं, तो दुसरं लावून द्यायचा आणि आवाज पेटीवरच्या चक्रीने कमी-जास्त करता यायचा. घरातला अनुभव असा असेल, तर रिसीव्हर म्हणजे बल्ब, गेला की नवा लावायचा, असंच कुणालाही वाटणार.

त्या नावातही गंमत आहे. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. नाना एकदा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेच्या पोरांबरोबर ती पाहून आले होते. तिथला रिसीव्हर आकाशातून आलेले क्षीण संकेत खरोखर टिपतो. कानाच्या यंत्रातला रिसीव्हर काहीच टिपत नाही. टिपण्याचं काम कानामागचा माइक करतो आणि रिसीव्हर आवाज बाहेर सोडतो. तो साधा इवलासा स्पीकर आहे. नाव आलं जुन्या टेलिफोनवरून, कारण कानाला लावायच्या भागाला तिथेही रिसीव्हरच म्हणत. हे कळलं की पुढचा घोटाळाही कळतो. स्पीकर बदलला की त्याला जोडलेल्या यंत्राचा हिशेबही बदलतो.

नवा रिसीव्हर बसला आणि पहिला तासभर घरात आनंदीआनंद. मग नानांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, ओट्यावर ताट ठेवलं आणि नाना दचकून उठले. घास चावताना शिट्टी, डोक्यावर टोपी घालताना शिट्टी, फोन कानाला लावला की शिट्टी. दोन दिवसांनी डोकं जड झालं आणि यंत्र खणात गेलं.

त्याच आठवड्यात रात्री वस्तीवर बिबट्या आल्याची ओरड झाली. जुन्नर वनविभागाच्या या पट्ट्यात ती नवी नाही. नाना अंगणात होते. माणसं कुठून ओरडतायत ते त्यांना उमजेना, कारण आवाजाची दिशा मेंदू दोन कानांच्या फरकावरून ठरवतो आणि नानांचा एकच कान चालू होता. "मी उलट्या अंगाला चालत सुटलो होतो," नाना म्हणतात. "पोराने दंड धरून आत ओढलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याची एसटी धरली.

ऑडिओलॉजिस्टबाईंनी यंत्र संगणकाला जोडलं आणि हसून म्हणाल्या, "नाना, तुमच्या मशीनला अजून वाटतंय की कानात एम आहे. आणि बसलाय पी."

रिसीव्हर ताकदीप्रमाणे वेगवेगळे असतात आणि ती ताकद अक्षरांनी किंवा आकड्यांनी लिहिलेली असते. पंचाईत अशी की प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. फोनाकमध्ये एस, एम, पी, यूपी अशी चढण आहे. सिग्नियात एचपी ही वरची पायरी, तर रिसाउंडमध्ये एचपीच्याही वर यूपी असतो. ऑटिकॉन ६०, ८५, १००, १०५ असे आकडे वापरते. म्हणून शेजाऱ्याचा 'पी' आणि आपला 'पी' एक समजू नये. कमी ताकदीचा लावला तर आवाज पुरत नाही, वर घेतला तर चिरका होतो. जास्त ताकदीचा लावला आणि टोपी भोकांची, मोकळी असली, तर कानातला आवाज बाहेर गळून पुन्हा माइकमध्ये शिरतो. नानांची शिट्टी ती हीच. शिवाय गरजेपेक्षा मोठा आवाज रोज कानात ओतला तर उरलेली श्रवणशक्तीही धोक्यात येते. काही नवी यंत्रं बसवलेला रिसीव्हर आपण होऊन ओळखतात, पण बऱ्याच यंत्रांना ते सॉफ्टवेअरमध्ये जाऊन सांगावं लागतं. ताकद बदलली की यंत्र नव्याने लावून घेण्यावाचून सुटका नाही. कानाची तपासणी वर्षाहून जुनी असेल तर आधी ती करावी, म्हणजे ताकद बदलायची खरंच गरज आहे का ते कळेल.

दुसरी गोष्ट लांबीची. वायरवर ०, १, २, ३ असे आकडे असतात. कानाच्या वरच्या कडेपासून कानाच्या भोकापर्यंतचं अंतर त्यासाठीच्या मोजपट्टीने मोजतात. आखूड वायर रिसीव्हरला बाहेर ओढते. लांब वायर कानावर कमान करून उभी राहते आणि रिसीव्हर आत टोचतो. बाजूची खूण मात्र सगळीकडे सारखी: लाल उजवा, निळा डावा.

तिसरी गोष्ट पिढीची, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या यंत्रांचे रिसीव्हर एकमेकांत बसत नाहीत. सिग्नियाचा २.० वाला आणि ३.० वाला वेगळे. फोनाकच्या मार्व्हल यंत्रांपासून रिसीव्हर बदलले, टोप्याही बदलल्या. फोटोत सगळे भाऊ-भाऊ दिसतात. म्हणून फोटोवरून नाही, तर यंत्राचं पूर्ण नाव आणि वायरवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचून मागवावं.

एवढं सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं, "जुना रिसीव्हर कुठाय?" काकू काही टाकत नाहीत. बटव्यातून डबी निघाली. बाईंनी भिंगाखाली रिसीव्हरच्या टोकाची पांढरी जाळी काडीने उपसली. ती कानातल्या मळाने गच्च भरली होती. नवी जाळी बसवून त्यांनी स्टेथोस्कोपसारखी नळी कानाला लावून ऐकलं आणि यंत्र नानांच्या कानात घातलं. "काकूंच्या बांगड्या वाजल्या," नाना सांगतात. "रिसीव्हर जिवंत होता. चार हजार मी मळापायी घालवले."

आवाज बसला की आधी जाळी, मग टोपी, मग सेल, हा क्रम यासाठीच. तरी आवाज नाही आला आणि दोन्ही बाजू एकाच ताकदीच्या असल्या, तर डावा रिसीव्हर घटकाभर उजव्या यंत्राला लावून बघता येतो. बोलला तर दोष रिसीव्हरचा, नाही बोलला तर यंत्राचा. पठारावर पावसाळ्यात ओल सगळ्यात शिरते, म्हणून रात्री सेल काढून यंत्र ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवावं. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नये.

राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात मिळालेलं कानामागचं यंत्र असेल आणि त्याला जाड पारदर्शक नळी व साचा असेल, तर ही सगळी चर्चा लागू नाही. त्याचा रिसीव्हर यंत्राच्या पोटात असतो. तिथे बदलायची ती नळी, कारण ती काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते.

आणि बसवून घ्यायचं कुणाकडून? भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, तो वाचावा. नसेल तर विचारावा.

चुकीचा रिसीव्हर दुकानाने परत घेतला नाही, पाकीट फोडलेलं होतं. तो काकूंच्या डबीत आहे, सोबत जादा जाळ्या आणि नानांच्या अक्षरातली चिठ्ठी: उजवा, लाल, एम, दोन. मध्यंतरी कुरवंडीचे एक पाहुणे आले. त्यांना पी लागतो म्हणाले, नानांकडचा पडूनच आहे तर द्या. नानांनी विचारलं, "मशीन कुठल्या कंपनीचं?" कंपनी तीच निघाली. "कधीचं?" तेही जुळलं. काकू डबी आणायला उठल्यासुद्धा.

"कान कुठला?"

"डावा."

काकू परत खाली बसल्या.