त्या दिवशी वकील कोण?

आपल्या मराठी न्यायालयीन भाषेकडे थोडे लक्ष देऊन पाहा. वकील, अदालत, कैफियत, हरकत, जामीन हे शब्द मुळात अरबी आहेत. शतकानुशतके वापरले गेल्याने ते इतके मराठी झाले आहेत की, त्यांचा मूळ अर्थ आपल्या मनात उमटत नाही. यांपैकी 'वकील' या शब्दावर आज आपण विचार करणार आहोत.

आपले काम ज्याच्यावर सोपवून माणूस निर्धास्त होतो, तो वकील. दिव्य कुरआनात हा शब्द अल्लाहसाठी आला आहे. उहुदच्या युद्धानंतर शत्रूचे मोठे सैन्य चाल करून येत असल्याची बातमी देऊन श्रद्धावंतांना भीती घालण्यात आली. तेव्हा त्यांनी, आम्हाला अल्लाह पुरेसा आहे आणि तो सर्वोत्तम वकील आहे, या आशयाचे उद्गार काढले. त्याचा उल्लेख सूरह आलेइमरानच्या 173 व्या आयतीत आहे. जो शब्द सृष्टीच्या स्वामीसाठी वापरला गेला, तोच आपल्या नावामागे लावून एखादा माणूस कचेरीत बसतो, तेव्हा त्याच्यावर किती मोठी जबाबदारी येते, याचा विचार व्हावयास हवा.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज कायद्याचे शिक्षण घेत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. या व्यवसायात पुढे कसे जावे, नाव कसे मिळवावे, नेतृत्व कसे करावे, हे प्रश्न त्यांच्या मनात असतात. त्यांची उत्तरे शोधताना कुरआन व सुन्नत आपल्याला काय शिकवतात, ते पाहू.

मदीनेतील एक खटला

सूरह अन-निसाच्या 105 ते 113 या आयतींची पार्श्वभूमी सांगताना भाष्यकारांनी एक प्रसंग नोंदविला आहे. मदीनेत एका घरातून चिलखत चोरीस गेले. चोरी करणारा तुअमा बिन उबैरिक हा स्वतःला मुसलमान म्हणवीत होता. संशय येताच त्याने ते चिलखत एका यहुदी माणसाकडे ठेवले आणि त्याच्यावरच आळ घेतला. तुअमाच्या कबिल्याचे लोक पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि आपल्या माणसाची बाजू जोरदारपणे मांडू लागले. माल यहुदी माणसाकडे सापडला होता, तेव्हा वरवर पाहता पुरावाही त्याच्याच विरोधात होता.

त्या वेळी या आयती अवतरल्या आणि निरपराध यहुदी माणूस निर्दोष ठरला. विश्वासघात करणाऱ्यांच्या वतीने भांडू नये, असे पैगंबरांना (स.) बजावण्यात आले. जे लोक आपल्या माणसाची बाजू घेण्यास आले होते, त्यांना 109 व्या आयतीत एक प्रश्न विचारण्यात आला. त्याचा आशय असा की, या जगात तुम्ही त्यांच्यासाठी भांडलात, पण कियामतच्या दिवशी अल्लाहसमोर त्यांच्यासाठी कोण भांडेल आणि कोण त्यांचा वकील होईल? मूळ आयतीत 'वकील' हाच शब्द आहे.

वकिली करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आपल्या टेबलावर समोर ठेवावा. आपला माणूस, आपली जमात, आपला कबिला यांची बाजू घेणे म्हणजे न्याय नव्हे, हे या घटनेने कायमचे ठरवून दिले. याच सूरहच्या 135 व्या आयतीत तर स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध आणि नातलगांविरुद्ध जात असली तरी खरी साक्ष देण्याची आज्ञा आहे.

मग आरोपीचा बचाव करावा की नाही?

येथे एक शंका सहजच मनात येते. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याचे वकीलपत्र घेणे चुकीचे आहे काय? नाही. हजरत अली (रजि.) यांना न्यायदानासाठी येमेनला पाठविताना पैगंबरांनी (स.) शिकवण दिली की, दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. म्हणजे आपली बाजू ऐकली जाणे हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. ज्याला बोलता येत नाही, कायदा कळत नाही, त्याची बाजू नीट मांडणे ही मोठी सेवा आहे. आपल्या देशात अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 अन्वये स्थापन झालेल्या बार कौन्सिलचे नियमही हेच सांगतात. आरोपीविषयी स्वतःचे मत काहीही असले तरी वकिलाने त्याचा बचाव करावा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये. मात्र हा बचाव रास्त आणि सन्माननीय मार्गांनीच व्हावा, हेही त्याच नियमांत आहे.

सीमारेषा येथेच आहे. पक्षकाराचा हक्क मांडणे ही वकिली आहे. खोटा साक्षीदार उभा करणे, कागदाची तारीख बदलणे, जे खोटे असल्याचे पक्के ठाऊक आहे ते प्रतिज्ञापत्रावर लिहून देणे, हा विश्वासघात आहे. पहिली गोष्ट इबादत होऊ शकते, दुसरी माणसाला त्या प्रश्नासमोर निरुत्तर करून सोडते.

वाक्चातुर्य आणि आगीचा तुकडा

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा सारांश असा : पैगंबर (स.) म्हणाले की, मी एक माणूसच आहे. तुम्ही आपले वाद माझ्याकडे आणता. तुमच्यातील एखादा दुसऱ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे बोलणारा असू शकतो आणि मी जे ऐकले त्यानुसार निवाडा देईन. पण असा निवाडा देताना कोणाला त्याच्या भावाचा हक्क दिला गेला, तर त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा एक तुकडा असेल.

न्यायालयाच्या निकालाने कायद्याचा प्रश्न मिटतो, परंतु हलाल-हरामचा प्रश्न मिटत नाही. आपल्या घराघरांत घडणारे एक उदाहरण घेऊ. समजा, वडील वारले. घर व दुकान मागे राहिले. दोन भाऊ आणि एक बहीण असे वारस आहेत. भाऊ वकिलाकडे येतात आणि म्हणतात, "साहेब, बहिणीचे हक्कसोडपत्र तयार करा. ती सही करणार आहे." बहीण येते, डोक्यावरचा पदर सावरून बाकावर बसते आणि विचारते, "कुठे सही करायची?" कशावर सही करायची आहे, हे ती विचारत नाही. माहेर तुटेल, ही भीती तिच्या मनात असते.

सूरह अन-निसाच्या 11 व्या आयतीत मुलीचा वाटा अल्लाहने स्वतः निश्चित केला आहे आणि 13 व्या आयतीत या वाट्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 नुसारही संमती मुक्त असावी लागते. तरी मजकूर बिनचूक असेल, मुद्रांक शुल्क भरले असेल आणि साक्षीदारांच्या सह्या असतील, तर त्या कागदावर दुय्यम निबंधकाकडे सहसा कोणी बोट ठेवणार नाही. अशा वेळी त्या खोलीत अल्लाहच्या मर्यादेची आठवण ठेवणारा एकच माणूस असू शकतो आणि तो म्हणजे वकील. त्याने लेखणी बाजूला ठेवून एवढेच म्हणावे, "ताई, तुमचा वाटा इतका आहे. तो सोडण्याचे तुमच्यावर कोणतेही बंधन नाही. घरी जाऊन विचार करा आणि मग या." कदाचित भाऊ नाराज होतील. कदाचित फी जाईल. पण तो वकील एका बहिणीचा हक्क आणि दोन भावांची आखिरत, दोन्ही वाचविण्याचा प्रयत्न करीत असतो.

मुराकबा आणि मुहासबा

असा निर्णय ऐनवेळी सुचत नाही. त्यासाठी मन आधीपासून जागे असावे लागते. आजकाल मनाच्या सजगतेविषयी बरेच बोलले जाते. तणावग्रस्त व्यावसायिकांसाठी शिबिरे भरतात. मन शांत व्हावे, ही इच्छा योग्यच आहे. इस्लामने मात्र सजगतेला एक दिशा दिली आहे. जिब्रील (अ.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये इहसानचा अर्थ सांगितला आहे : जणू आपण अल्लाहला पाहत आहोत अशा भावनेने त्याची भक्ती करावी आणि ते शक्य नसेल, तर तो आपल्याला पाहत आहे याची जाणीव ठेवावी.

इमाम गजाली (रह.), ज्यांचे निधन 1111 मध्ये झाले, त्यांनी आपल्या 'इहया उलूमुद्दीन' या ग्रंथात मुराकबा आणि मुहासबा यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. कामापूर्वी स्वतःच्या मनाशी अटी ठरविणे, काम करताना मनावर लक्ष ठेवणे आणि काम झाल्यावर हिशेब घेणे, असा क्रम त्यांनी मांडला. व्यापारी जसा भागीदाराकडून हिशेब घेतो, तसा माणसाने आपल्या मनाकडून घ्यावा, ही त्यांची भूमिका आहे.

वकिलाच्या दिनक्रमात हा क्रम सहज बसतो. फज्रच्या नमाजनंतर दिवसाचा बोर्ड पाहताना निय्यत करावी की, आज असत्य बोलणार नाही आणि कोणाचा अपमान करणार नाही. न्यायालयाच्या मधल्या सुट्टीत जुहर येते. सकाळच्या युक्तिवादाचा ताप, विरुद्ध बाजूच्या वकिलाचा टोमणा, न्यायाधीशांची नाराजी, हे सारे वजूच्या पाण्याबरोबर उतरवून मग सजद्यात जावे. इशानंतर दहा मिनिटे आज लिहिलेले आणि बोललेले आठवावे. ज्याच्या बाबतीत चूक झाली, त्याची दुसऱ्या दिवशी माफी मागावी.

रागाविषयीची शिकवणही येथे लक्षात घ्यावी. न्यायाधीशाने रागाच्या अवस्थेत दोघांमध्ये निवाडा करू नये, असे पैगंबरांनी (स.) सांगितले आहे. जे न्यायाधीशाला लागू, ते वकिलालाही उपयोगी आहे. रागात घेतलेली उलटतपासणी साक्षीदाराला दुखावते आणि बहुधा आपल्याच पक्षकाराचे नुकसान करते.

नेतृत्व म्हणजे काय?

तुमच्यापैकी प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या ताब्यातील लोकांविषयी विचारले जाईल, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. ज्येष्ठ वकिलाच्या कळपात कोण असते? पहाटेपर्यंत दाखले शोधणारा कनिष्ठ वकील, फायली वाहणारा कारकून, बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसलेला पक्षकार. कनिष्ठाला वेळेवर मेहनताना देणे, त्याने शोधलेल्या मुद्द्याचे श्रेय त्याला देणे आणि गावाहून आलेल्या पक्षकाराला पुढची तारीख का पडली हे समजावून सांगणे, येथून नेतृत्वाची सुरुवात होते.

मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी यांचे उदाहरण आपल्याच मातीतील आहे. 1867 मध्ये ते बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. 1874 मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांत ते होते. 1887 मध्ये मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि 1895 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी जामीन नाकारला गेला होता. तो न्यायमूर्ती तय्यबजींनी मंजूर केला. राज्यकर्त्यांची नाराजी आणि आरोपीचा धर्म यांचा विचार न करता त्यांनी कायद्याप्रमाणे निर्णय दिला. आज सव्वाशे वर्षांनंतरही तो निर्णय सांगितला जातो.

भांडणापेक्षा समेट

मदीनेतील त्या खटल्याच्या आयती संपताच, लगेच 114 व्या आयतीत सांगितले आहे की, लोकांच्या बहुतेक गुप्त मसलतींत भलाई नसते. दानधर्म, सत्कर्म किंवा लोकांत समेट यांसाठी केलेली मसलत मात्र त्याला अपवाद आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. खोट्याची वकिली निषिद्ध केल्यानंतर चांगल्या वकिलीचा मार्ग दाखविला गेला.

याचे एक उदाहरण इतिहासात आहे. 1893 मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले, ते दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेठ हे त्यांचेच नातलग होते. खटला लांबला तर दोघेही खर्चाने बुडतील, हे गांधीजींनी ओळखले आणि लवाद नेमण्यास दोघांना राजी केले. निकाल दादा अब्दुल्ला यांच्या बाजूने लागला. सुमारे 37,000 पौंडांची रक्कम एकदम भरावी लागली असती, तर तय्यब शेठचे दिवाळे निघाले असते. म्हणून हप्त्यांनी फेड घेण्यास गांधीजींनी आपल्याच पक्षकाराचे मन वळविले. दुभंगलेल्यांना जोडणे हे वकिलाचे खरे काम आहे, हे आपण तेथे शिकलो, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आज विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 खाली लोकअदालतीची सोय आहे. तेथील तडजोडीवर अपील नसते आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते. याच कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. आपल्या मोहल्ल्यातील किती भगिनींना हे ठाऊक आहे? तरुण वकिलांनी महिन्यातून एक दिवस मशिदीच्या आवारात किंवा शाळेत बसून एवढे जरी समजावून सांगितले, तरी अनेक घरे उभी राहतील.

शेवटी

वाचकहो, आपण वकील नसलो, तरी पक्षकार म्हणून कधीतरी त्या बाकावर बसतोच. तेव्हा आपल्या वकिलाकडे खोटे मागू नये, हाही या शिकवणुकीचाच भाग आहे. रोजी देणारा अल्लाह आहे. सत्य सांगितल्याने एखादा खटला हातचा जाईल, पण आपल्या वाट्याची रोजी जाणार नाही.

एक दिवस असा येईल की, पुढची तारीख मिळणार नाही आणि आपली कैफियत आपल्यालाच द्यावी लागेल. त्या दिवशी सर्वोत्तम वकील आपल्या बाजूने असावा असे वाटत असेल, तर आज ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला आहे, त्यांची अमानत सांभाळू या. अल्लाह आपणा सर्वांना सत्यावर ठाम राहण्याची शक्ती देवो. आमीन.